कुबेक्टल प्रॉक्सी सगळ्या टीमसाठी उघडी करून दिली तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कुबरनेटीजच्या क्लस्टरमधला (ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरच्या समूहातला) मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड कुबेक्टल प्रॉक्सी, म्हणजे आपल्या मशीनवरून क्लस्टरशी बोलायची वाट उघडणारी कमांड, चालवून तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतो. टीममधल्या बाकीच्यांना दिसावा म्हणून तुम्ही ॲड्रेस ०.०.०.० (म्हणजे नेटवर्कवरून कुणालाही जोडता येईल असा) दिला, तर त्यांना ‘फॉरबिडन’ येतं. मॅनेजरला लवकर हवंय, तर आता ॲक्सेप्ट-होस्ट्समध्ये (कोणत्या होस्टनावाने आलेली विनंती घ्यायची ते ठरवणाऱ्या पर्यायात) ‘सगळे चालतील’ असं लिहून टाकावं, की नोडपोर्ट करावा (क्लस्टरच्या प्रत्येक मशीनवर एक पोर्ट उघडावा)?

पहिलं अजिबात करू नका. आणि ०.०.०.० वर ऐकणारी ती प्रॉक्सी अजून चालू असेल तर आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

‘फॉरबिडन’ येतं म्हणजे कुणाला आत येता येत नाही, असा तुमचा समज झालेला दिसतो. ॲक्सेप्ट-होस्ट्स फक्त विनंतीतलं होस्ट हेडर (कोणत्या पत्त्याला विनंती केली ते सांगणारी ओळ) वाचतं आणि त्यात लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) आहे का, एवढंच तपासतं. ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं परकं पान तुमच्या नकळत तुमच्या प्रॉक्सीशी बोलू नये, यासाठी ती सोय आहे. समोर कोण आहे, त्याला परवानगी आहे का, हे ती विचारतच नाही. कर्ल या कमांडमध्ये होस्ट हेडर हाताने लोकलहोस्ट लिहिलं की तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवरचा कुणीही आजही आत येऊ शकतो.

आणि आत म्हणजे कुठे? तुमच्या मनात डॅशबोर्ड आहे. पण कुबेक्टल प्रॉक्सी एकटा डॅशबोर्ड उघडत नाही, अख्खा एपीआय सर्व्हर, म्हणजे क्लस्टरवरची प्रत्येक आज्ञा जिथून जाते ते दार, उघडते. ८००१ या तिच्या पोर्टवर आलेल्या प्रत्येक विनंतीला ती तुमच्या कुबकॉन्फिगमधलं (क्लस्टरसाठीची तुमची ओळख ठेवणाऱ्या फाइलमधलं) टोकन किंवा सर्टिफिकेट लावते आणि पुढे पाठवते. लोकलचा पास आपल्या ओळखपत्रावर निघतो. तो दुसऱ्याच्या हातात दिला तर प्रवास त्याचा आणि नाव आपलं, तसं हे आहे. डॅशबोर्डच्या पत्त्यातून शेवटचा भाग खोडला की नेमस्पेसची (क्लस्टरमधल्या वेगवेगळ्या कप्प्यांची) यादी समोर येते. तुम्हाला सीक्रेट्स (क्लस्टरमध्ये ठेवलेले पासवर्ड, टोकन) वाचायचा अधिकार असेल तर त्यालाही वाचता येतात, आणि ती बेस-६४ या कुणालाही उलटवता येणाऱ्या रूपात असतात, म्हणजे उघडीच. डिलीट पाठवलं तर डिलीट होतं.

हे मी इतकं ठासून का लिहितेय, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एका कंपनीत इन्फ्रा टीममध्ये होते. बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. लोअर परळच्या ऑफिसात बसणाऱ्या बिझनेस टीमला यूएटीचे (ग्राहकाने तपासून बघायच्या चाचणी क्लस्टरचे) आलेख हवे होते. इनग्रेस (बाहेरून क्लस्टरमधल्या ॲपपर्यंत यायची रीतसर वाट) लावायचा तर सिक्युरिटीची मंजुरी लागणार, फॉर्म भरा, बैठक घ्या, वाट बघा. आमच्या प्रोजेक्टप्रमुखांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाला थेट जागेवर जाऊन सांगितलं की जंप सर्व्हरवर (क्लस्टरकडे जाताना वापरायच्या मधल्या मशीनवर) प्रॉक्सी चालू करून ठेव, सगळ्या होस्टना परवानगी दे, आणि लिंक परळला पाठव. मुलगा टिटवाळ्याहून यायचा, घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाका. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. प्रमुखांनी सांगितलं, त्याने केलं. त्याचं कुबकॉन्फिग यूएटी क्लस्टरवर ॲडमिनचं होतं, कारण तिथे आम्हा सगळ्यांचंच तसं होतं.

मला कळलं त्याच संध्याकाळी मी मेल लिहिला. प्रॉक्सी ज्याच्या नावाने चालते त्याचे सगळे अधिकार लिंकबरोबर वाटले जातात, आणि उद्या काही झालं तर लॉगमध्ये या मुलाचं नाव येईल, हे दोन्ही त्यात स्पष्ट होतं. उत्तर आलं की नेटवर्क व्हीपीएनच्या आत आहे, बाहेरचं कोण येणार, आणि एक्झेक (चालू ॲपच्या आत शिरून आज्ञा चालवणं) तर डिफॉल्टनेच बंद असतं.

एक्झेकचं खरं आहे. रिजेक्ट-पाथ्सच्या (कोणते मार्ग अडवायचे त्या पर्यायाच्या) डिफॉल्टमध्ये पॉडचं, म्हणजे ॲप ज्यात चालतं त्या एककाचं, एक्झेक आणि अटॅच हे दोन मार्ग अडवलेले असतात. पण रिजेक्ट-मेथड्समध्ये (कोणत्या प्रकारच्या विनंत्या अडवायच्या त्यात) डिफॉल्टने काहीच अडवलेलं नसतं. पॉडच्या आत शिरता येणार नाही, पण पॉड, त्यांना चालवणारं डिप्लॉयमेंट, अख्खा नेमस्पेस उडवता येईल. अर्धं वाचून दिलेलं ते उत्तर होतं आणि मी तसं परत कळवलं. पुढे उत्तर आलं नाही.

ती लिंक परळपुरती राहिली नाही. टेस्टिंगवाल्यांकडे गेली. त्यांच्यातल्या कुणीतरी पत्ता मागून खोडत खोडत वरपर्यंत नेला, अख्खा एपीआय बिनपासवर्डचा मिळतोय हे पाहिलं, आणि जुने टेस्ट नेमस्पेस साफ करणारी स्क्रिप्ट त्यावर लावली. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला जे उघडं दिसलं ते त्याने वापरलं. स्क्रिप्ट नावाच्या सुरुवातीवरून नेमस्पेस ओळखायची. बँकेच्या डेमोसाठी बांधलेल्या आमच्या नेमस्पेसचं नावही तसंच सुरू होत होतं.

नेमस्पेस डिलीट झाला की त्यातलं सगळं जातं. त्यातले व्हॉल्यूम क्लेमही (डिस्कसाठी केलेल्या मागण्या) जातात, आणि डिस्क डायनॅमिक पद्धतीने, म्हणजे मागणीवरून आपोआप, घेतलेल्या असतील आणि रिक्लेम पॉलिसी (क्लेम गेल्यावर डिस्कचं काय करायचं तो नियम) बदललेली नसेल तर ती डिफॉल्टने डिलीट असते, म्हणजे मागची खरी डिस्कही गेली. डेमोचा डेटा त्या डिस्कवर होता. डेमो दुसऱ्या दिवशी होता. रात्रभर जागून आम्ही तो परत भरला, जेवढा भरता आला तेवढा.

त्यानंतरची बैठक मी अजून विसरलेले नाही. ऑडिट लॉग (कुणी काय केलं याची क्लस्टरची नोंद) पडद्यावर लावला होता आणि डिलीटच्या ओळीत यूजर म्हणून त्या मुलाचं नाव होतं. प्रमुख म्हणाले, लॉग खोटं बोलत नाही. मुलगा नुसता उभा होता. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं, कारण नाव खरंच त्याचं होतं.

मी ती ओळ पूर्ण उघडायला लावली. ऑडिट लॉगमध्ये यूजरशिवाय यूजर एजंटचाही (विनंती कोणत्या प्रोग्रामने केली त्याचा) रकाना असतो, आणि लोक तो वाचत नाहीत. त्याने स्वतः कुबेक्टलने डिलीट केलं असतं तर तिथे कुबेक्टल आणि त्याची आवृत्ती दिसली असती. तिथे होतं पायथन-रिक्वेस्ट्स, म्हणजे पायथनच्या स्क्रिप्टची खूण. प्रॉक्सी ओळख आपली लावते, पण विनंती करणाऱ्याने स्वतःचा यूजर एजंट पाठवला असेल तर तो तसाच पुढे जातो. आमच्या टीममध्ये क्लस्टरवर पायथनची स्क्रिप्ट कुणाचीच नव्हती. टेस्टिंगच्या जेनकिन्सवर (आपोआप कामं चालवणाऱ्या सर्व्हरवर) त्याच वेळेचा जॉब सापडायला मग वेळ लागला नाही.

तरीही प्रमुख म्हणाले, “पण प्रॉक्सी तर त्यानेच चालू केली होती ना?” मी माझा मेल उघडून मोठ्याने वाचला, त्यांच्या उत्तरासकट. अहवालातून मुलाचं नाव निघालं. त्याजागी ‘प्रक्रियेतील त्रुटी’ असे शब्द आले. कुणी सांगितलं, कुणाच्या आग्रहामुळे झालं, यातलं काहीही त्यात लिहिलं गेलं नाही. मुलाने काही महिन्यांत कंपनी सोडली. जाताना म्हणाला, “ताई, तुम्ही तो रकाना बघितला नसता तर माझं काय झालं असतं?” आज तो दुसरीकडे उत्तम काम करतोय, पण तो प्रश्न त्याला पडायलाच नको होता.

बाहेरचं कोण येणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन जुन्या गोष्टी. २०१८च्या फेब्रुवारीत रेडलॉक या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की टेस्लाचा कुबरनेटीज कन्सोल बिनपासवर्डचा उघडा होता आणि चोर त्यांच्या क्लस्टरवर क्रिप्टोचं मायनिंग करत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द एपीआय सर्व्हरच्या प्रॉक्सी हाताळणीत मोठी चूक सापडली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१८-१००२१०५. खास रचलेल्या विनंतीने मागच्या सर्व्हरशी जोडणी उघडी राहायची, आणि त्यावरून पुढे पाठवलेल्या विनंत्या एपीआय सर्व्हरच्याच ओळखीने जायच्या. तीव्रता १० पैकी ९.८. १.१०.११, १.११.५ आणि १.१२.३ या आवृत्त्यांमध्ये ती दुरुस्त झाली. प्रॉक्सी हा क्लस्टरमधला नाजूक भाग आहे. तो जपून वापरा.

आता तुमचा डॅशबोर्ड. ज्यांच्याकडे स्वतःचं कुबकॉन्फिग आहे त्यांनी आपापल्या लॅपटॉपवर आपापली प्रॉक्सी चालवावी, ०.०.०.० न देता. पत्ता तुम्हाला माहीत आहेच: एपीआय, व्ही१, नेमस्पेसेस, नेमस्पेसचं नाव, सर्व्हिसेस, सर्व्हिसचं नाव, कोलन, पोर्टचं नाव, आणि शेवटी प्रॉक्सी व स्लॅश. मागची सर्व्हिस टीएलएसवर (सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीवर) असेल तर नावाआधी एचटीटीपीएस आणि कोलन. ‘नो एंडपॉइंट्स अव्हेलेबल’ असं ५०३ आलं तर प्रॉक्सीला शिव्या देऊ नका. बहुधा सिलेक्टर (सर्व्हिसला तिचे पॉड शोधून देणारी खूण) चुकलाय किंवा पॉड रेडी नाहीत.

त्यांना फक्त हीच सर्व्हिस दिसावी असं वाटत असेल तर रोलमध्ये (परवानग्यांच्या यादीत) सर्व्हिसेस/प्रॉक्सी या सबरिसोर्सवर गेट (वाचायची परवानगी) द्या आणि रिसोर्सनेम्समध्ये नाव बांधा. इथे बरेच जण अडकतात: नुसतं नाव, पुढे एचटीटीपी कोलन लावलेलं नाव आणि एचटीटीपीएस कोलन लावलेलं नाव ही तीन वेगळी नावं धरली जातात. पत्त्यात जसं लिहिता तसंच रोलमध्ये हवं. डॅशबोर्ड पोस्ट करत असेल तर क्रिएटही द्यावं लागेल.

या वाटेने लॉगिन होत नसेल तर डोकं आपटू नका. ऑथोरायझेशन हेडर एपीआय सर्व्हर ओळख पटवण्यासाठी वापरतो आणि मग काढून टाकतो. मागच्या ॲपपर्यंत ते पोचतच नाही. बेसिक ऑथ किंवा बेअरर टोकनवर चालणारं काहीही इथे अडणार. स्लॅशने सुरू होणारे पत्ते एचटीएमएलमध्ये असले तर एपीआय सर्व्हर ते बदलून देतो, जावास्क्रिप्टच्या आतले नाही, म्हणून कधी कधी पान पांढरं दिसतं. आणि सगळं फक्त एचटीटीपीपुरतं. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला जोडायचं तर पोर्ट-फॉरवर्ड (एकच पोर्ट आपल्या मशीनवर आणणारी कमांड). तो सर्व्हिसचं नाव दिलं तरी एकच पॉड धरून बसतो आणि पॉड गेला की तुटतो. पण एक पोर्ट उघडतो म्हणजे एकच पोर्ट उघडतो, म्हणून घाईत कुणाला काही दाखवायचंच असेल तर मी प्रॉक्सीपेक्षा तो चालवून घेईन.

ज्यांच्याकडे कुबकॉन्फिग नाही त्यांच्यासाठी नोडपोर्ट नको. ३०००० ते ३२७६७ मधला पोर्ट प्रत्येक नोडवर उघडेल आणि पुढे कुणी बंद करणार नाही. कंपनीच्या नेटवर्कच्या आतल्या लोड बॅलन्सरमागे इनग्रेस किंवा गेटवे एपीआय (त्याच कामाची नवी पद्धत) लावा, पुढे कंपनीचं लॉगिन. मंजुरीला वेळ लागेल. लागू दे.

जे आधी सांगायला हवं होतं ते आता: लॅपटॉपवरचा मिनीक्यूब किंवा काइंडचा छोटा, सरावाचा क्लस्टर असेल, त्यात खरा डेटा नसेल, तर एवढं सगळं पाळायची गरज नाही, पण ०.०.०.० तिथेही नको. आणि एखाद्या भिंतीवरच्या स्क्रीनसाठी प्रॉक्सी सतत चालू ठेवावीच लागत असेल तर माणसाच्या नावाने ठेवू नका. वेगळा सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं), वरच्यासारखा एकाच सर्व्हिसचा रोल, आणि ॲक्सेप्ट-पाथ्समध्ये तेवढाच मार्ग. मग निदान जे काही होईल ते त्या अकाउंटच्या नावावर होईल.

तुम्हाला हे करायला वरून कुणी तोंडी सांगितलं असेल तर आजच मेलवर मागून घ्या. मिळत नसेल तर करू नका. तुमच्या प्रश्नात ‘मॅनेजरला लवकर हवंय’ असं वाचलं आणि मला तो मुलगा आठवला, म्हणून इतकं लिहिलं.

आणि प्रॉक्सी बंद केल्यावर एक काम बाकी राहतं. ती चालू होती तेवढ्या वेळेतल्या ऑडिट लॉगमध्ये स्वतःच्या नावाच्या ओळी शोधा आणि यूजर एजंट बघा. ओळखीचा नसलेला कुणी सीक्रेट्स वाचून गेला असेल तर ते पासवर्ड आणि टोकन बदलून घ्या.