सोलापुरात अकरा वर्षांचा दीड टनी एसी गार करत नाही, मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला. दुरुस्ती की नवा?

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर नवाच घ्या. अकरा वर्षांच्या मशीनमध्ये नवा कॉम्प्रेसर घालणं मला पटत नाही. उद्या कॉइल गळली की तो खर्च पाण्यात.

पण आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग, तपासायला सांगा. तो गेला तरी कॉम्प्रेसर सुरू होत नाही, आणि तो काहीशे रुपयांत बदलून मिळतो. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हाही तसंच होतं. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय जुना भंगारात देऊ नका.

"गॅस संपला" म्हणाला तर गळती कुठे आहे ते विचारा. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. युनिटवरच्या पट्टीवर आर-२२ लिहिलं असेल तर त्यावर खर्च करूच नका. ओझोन थराला घातक म्हणून तो गॅस मॉन्ट्रियल करारानुसार बंद होत चालला आहे. नव्या एसींमध्ये बहुतेक आर-३२ असतो.

पूर्व भागात यंत्रमागांजवळ राहत असाल तर सुताची कसपटं बाहेरच्या कॉइलवर बसतात. नुसतं पाण्याने धुतल्यावर एसी गार करायला लागलेला मी पाहिला आहे.

नवा घेताना इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा), तांब्याची कॉइल आणि पाच स्टार बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, रात्रभर एसी चालतो, त्यामुळे जास्तीचे पैसे वीजबिलात वसूल होतात. वर थेट स्लॅब असेल तर दीड टनाखाली जाऊ नका.