जुन्या टगवर चढतोस, तर आधी हुक बघ

मुरगाव बंदरात जुन्या टगवर, म्हणजे मोठी जहाजं दोराने ओढणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून लागलास, ऐकून बरं वाटलं रे. पहिल्या दिवशी इंजिनाकडे धावू नकोस, हुकाकडे जा. पाण्याखाली एकच पंखा असलेल्या जुन्या टगचा ओढायचा हुक अगदी मागे नसतो, जवळजवळ मध्यावर असतो. दोर ताणलेला असतानाही टग वळावी म्हणून. पण धोकाही तिथेच. जहाजाने वेग घेतला आणि टग आडवी सापडली, की दोर तिला कुशीवरून खेचतो आणि काही क्षणांत उलटवतो. सारंगाने, म्हणजे टग चालवणाऱ्याने, हाक दिली की त्याच क्षणी हुक सुटला पाहिजे. म्हणून प्रत्येक कामाआधी तो स्वतः सोडून बघ. खाऱ्या हवेत गंजून बसतो. मी एकदा बसलेला पाहिलाय. दोरावर ताण नव्हता म्हणून निभावलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

ओढताना इंजिनखोलीची दारं बंद ठेव, टग कलली तर पाणी आत शिरायला नको. उकडतं, उकडू दे. नायलॉनचा दोर तुटला तर चाबकासारखा परततो. त्याच्या रेषेत उभा राहू नकोस, वेटोळ्यात पाय तर मुळीच नको.

सारंगाला पाण्याबद्दल विचारत जा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी रेतीवर लाटा फुटतात, म्हणून खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, बार्जी, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत आणत. 2012 मध्ये खाणी थांबल्या तशी ती वर्दळही ओसरली, पण त्या वाटा ठाऊक असलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याजवळ बस.