वैराग्य येत नाही, मग भक्ती खोटी का?

दादरच्या माझ्या समुपदेशन कक्षात साठीच्या आसपासची माणसे एकच खंत पुन्हा पुन्हा बोलून दाखवतात. पोथी होते, जप होतो, गीतेचा वर्ग चुकत नाही, तरी जीव मुलाबाळांत अडकलेलाच राहतो; मग ही भक्ती खोटीच का? त्यावर एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

परळच्या एक काकू, वय 64. मुलगा लोकलने ठाण्याला नोकरीला जातो. जपाला बसताना काकूंच्या हातात तुळशीची माळ आणि मांडीखाली मोबाइल असे, कारण ‘पोहोचलो’ एवढा निरोप येईपर्यंत त्यांची माळ मेरुमण्यापर्यंत सरकत नसे. पावसात कुर्ल्याला रुळांवर पाणी आले की जप संपलाच. ‘आसक्ती सोडा’ असे प्रवचनात ऐकून त्यांनी आषाढी एकादशीपासून मुलाशी जेवढ्यास तेवढे बोलायचे ठरवले. घर मुके झाले, काकूंची झोप उडाली.

गीता मी आपणहून काढत नाही. समोरच्याने काढली तर मात्र टाळत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत मुलगा, पत्नी, घर यांत न गुंतणे सांगितले आहे, हे काकूंना पाठ होते. त्याआधीच्याच अध्यायात भक्ताचे वर्णन ‘मैत्रः करुण एव च’ असे येते, याकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नव्हते. जो सर्व भूतांचा मित्र, तो घरात अबोला कसा धरील? ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायातल्या त्या न गुंतण्यावर लिहितानाच वाटेत भेटलेल्या झाडाच्या सावलीचा दृष्टान्त दिला आहे. मी त्याचा अर्थ असा लावते की वाटसरूने सावलीत बसावे, गारवा मनापासून घ्यावा, फक्त झाडाला कुंपण घालू नये.

हे काकूंना पटले, पण उतरले नाही. चौथ्या भेटीत मी विचारले, "जपात मन कुठे जाते?"

"गाडीत."

"ते गाडीत गेले, हे कोणाला कळते?"

काकू बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलाच की. म्हणजे मी गाडीत गेलेलीच नसते."

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. हे मी अनेकांना आजवर समजावून सांगितले होते. त्या दुपारी काकूंनी ते मला सांगितले, आणि योग्य प्रश्न योग्य वेळी सुचल्याचे समाधान मी लपवणार नाही.

म्हणून अशी खंत असणाऱ्यांना माझे सांगणे असे की काळजी वाटणे हा भक्तीतला दोष समजू नका. मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला परत आणावे, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो. ते भरकटणारच, हे त्यात गृहीतच आहे. मुलाला फोन जरूर करा, पण एकदा. त्याने उचलला नाही तर दुसरा करण्याआधी एक माळ पूर्ण करा. मात्र झोपच लागत नसेल किंवा छाती धडधडत असेल, तर जप वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटा.

शेवटच्या भेटीत काकू म्हणाल्या, "फोन आता ओट्यावर ठेवते. काल एका माळेत सतरा वेळा मन गेले."

"मोजलेत?"

"मोजणारी बसलेली होतीच ना तिथे," त्या हसल्या, आणि दाराशी थबकून विचारत्या झाल्या, "मॅडम, हे मोजणेही सोडायला हवे का?"