वाचकांचे प्रश्न : छप्पर आणि अट

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका गरीब कुटुंबाचे घर आगीत जळून गेले. एका ख्रिस्ती मिशनने त्यांना तात्पुरता निवारा दिला असून आता घरही बांधून देण्याचे कबूल केले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र शंका येते की, ही मदत धर्मांतरासाठी दाखवलेले आमिष तर नसेल? अशी शंका घेणे हा कृतघ्नपणा ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. ही शंका मिशनऱ्यांच्या विरोधकांनी उभी केलेली आहे असेही समजू नये, कारण खुद्द ख्रिस्ती जगात तिच्यावर फार जुना आणि कडवट वाद झालेला आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, लाखो माणसे उपासमारीने आणि साथींनी दगावली आणि खंड थकलेल्या असंख्य कुळांना जमीनदारांनी त्यांच्या झोपड्यांतून बाहेर काढले. त्या दिवसांत काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी कॅथलिक भुकेल्यांना सूप देताना पंथ बदलण्याची किंवा निदान धर्मशिक्षण घेण्याची अट घातली. अशी उदाहरणे किती होती याबद्दल इतिहासकारांत मतभेद असले तरी ‘त्यांनी सूप घेतले’ हे शब्द शिवीसारखे होऊन बसले आणि पुढच्या पिढ्यांतही त्या कुटुंबांना चिकटून राहिले. त्याच दुष्काळात क्वेकर पंथाच्या लोकांनी कसलीही अट न घालता सूप वाटले आणि त्यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. म्हणजे दोन्ही बाजूंना ख्रिस्तीच होते. फरक होता तो अटीचा.

आज या बाबतीत लेखी नियम आहेत. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ साली जी आचारसंहिता तयार झाली, तिच्या पुरस्कर्त्यांत रेड क्रॉसबरोबरच कारितास इंटरनॅशनालिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. संस्थेने स्वतःची धार्मिक मते खुशाल बाळगावीत, परंतु मदतीचे आश्वासन, तिची पोच किंवा तिचे वाटप यांपैकी काहीही एखादा धर्म स्वीकारण्याशी जोडू नये, असे ती संहिता सांगते. तेव्हा तुमच्या ओळखीच्या कुटुंबाने त्या मिशनला ही संहिता मान्य आहे का, असे सरळ विचारावे. या प्रश्नाने प्रामाणिक संस्था दुखावत नाही.

माझी खरी चिंता वेगळी आहे. ज्याच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलेले नाही, त्याला न बोललेली अटसुद्धा ऐकू येते. प्रार्थनेला या, असे नुसते प्रेमाने म्हटले तरी छप्पर देणाऱ्याला नाही म्हणण्याचे बळ त्या माणसात कोठून येणार? म्हणून जाणत्या संस्था वाटप आणि उपासना यांची वेळ, जागा आणि शक्य झाल्यास माणसेही वेगळी ठेवतात. शिवाय लाभार्थ्यांची यादी कोणत्या निकषांवर केली ते उघडपणे सांगतात. त्या यादीत चर्चला न जाणारी किती कुटुंबे आहेत आणि प्रार्थनेला न आलेल्यांची घरे पूर्ण झाली का, हे शेजारीपाजारी विचारले की बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. स्वयंसेवकाने श्रद्धेपोटी हे काम करतो असे सांगितले तर त्यात वावगे काही नाही. त्याने आपली प्रेरणा लपवावी अशी अपेक्षा मीही करणार नाही.

प्रश्न : काही ख्रिस्ती संस्था घर देताना कुटुंबाकडून श्रम करून घेतात आणि हप्तेही वसूल करतात. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याकडून पैसे घेणे ही सेवा कशी?

उत्तर : तुमच्या मनात बहुधा हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था असावी. मिलर्ड फुलर हे वकील आणि यशस्वी व्यावसायिक होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी आपली संपत्ती देऊन टाकली आणि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया या ख्रिस्ती शेतवसाहतीत तिचे एक संस्थापक क्लेरेन्स जॉर्डन यांच्या सहवासात नवी वाट धरली. घरावर नफा घ्यायचा नाही, व्याज लावायचे नाही, परत आलेल्या पैशातून पुढच्या कुटुंबाचे घर उभारायचे, ही कल्पना तेथे आकाराला आली. १९७३ मध्ये फुलर दांपत्य मिशनरी म्हणून त्या वेळच्या झाईरमध्ये (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) गेले, म्बान्डाका येथे त्यांनी ती मोठ्या प्रमाणावर अमलात आणली आणि परतल्यावर १९७६ मध्ये ही संस्था स्थापन केली. धर्मप्रसार करायचा नाही, असे तिचे जाहीर धोरण आहे.

ही पद्धत मुख्यतः वर्षानुवर्षे मोडक्या घरात राहणाऱ्या, परंतु थोडीफार नियमित कमाई असलेल्या कुटुंबांसाठी आखलेली होती. तेथे हप्ता हा अपमान नसतो, उलट घर ‘मिळाले’ असे न म्हणता ‘घेतले’ असे म्हणता येते. ज्याचे घर आणि रोजगार एकाच दिवशी गेले, त्याच्यावर मात्र बिनव्याजी कर्जसुद्धा ओझेच ठरते आणि अशा वेळी हप्त्याचा आग्रह धरणे मला चुकीचे वाटते. श्रमाचेही तसेच आहे : धडधाकट माणसाने आपल्या भिंतीला हात लावावा हे उत्तम, पण एकटी वृद्धा किंवा तान्ह्या मुलाची आई यांच्याकडून तासांचा हिशेब मागणे निर्दयपणाचे होईल.

प्रश्न : घर बांधून चावी दिली की मिशनचे काम संपते का?

उत्तर : बांधकाम हा या कामाचा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये चर्चमार्फत आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी घरांतला चिखल उपसला, कुजलेल्या भिंती उतरवल्या. परंतु अनेक गरीब कुटुंबांचे घोडे कागदांवर अडले होते. आजोबांच्या नावावरचे घर वारसांनी कधी स्वतःच्या नावावर करून घेतलेले नव्हते, त्यामुळे पिढ्यानपिढ्या तेथे राहूनही मालकी सिद्ध होईना आणि सरकारी अनुदान मिळेना. भाडेकरूंची अवस्था आणखी बिकट होती, कारण पुन्हा बांधायला त्यांचे म्हणून काही नव्हतेच.

तेथे मेथडिस्ट चर्चच्या मदत समितीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून जे केले ते मला बांधकामापेक्षा मोलाचे वाटते. परदेशांतून अमेरिकेला आलेल्या देणग्यांपैकी ६ कोटी ६० लाख डॉलर या कामासाठी देण्यात आले आणि त्यातून कुटुंबांना साथ देणारे कार्यकर्ते नेमण्यात आले. कुटुंबाबरोबर बसून पुढचा आराखडा करणे, अर्ज भरणे, नाकारलेल्या दाव्यांवर अपील करणे, नोकरी आणि मुलांची शाळा यांची घडी बसवणे ही त्यांची कामे. छायाचित्र काढण्यासारखे यात काही नसते, त्यामुळे देणगीदारांना ते फारसे भावत नाही. तुम्ही एखाद्या मिशनला देणगी देणार असाल, तर दुसऱ्या वर्षी त्यांची किती माणसे त्या वस्तीत असतील, हे अवश्य विचारा.

प्रश्न : आमच्या मंडळाने जुने कपडे गोळा केले आहेत. ते मिशनकडे पाठवावेत का?

उत्तर : आधी विचारल्याखेरीज पाठवू नयेत. न मागितलेले कपडे निवडणे, साठवणे आणि शेवटी टाकून देणे यातच कार्यकर्त्यांचे दिवस जातात. कपडे तुमच्याच भागात विकता आले तर विकून ती रक्कम पाठवावी आणि ती दस्तऐवजांच्या नकला, शुल्क आणि प्रवास यांसाठी वापरली तरी चालेल, असे सोबत लिहून द्यावे.