टर्बोचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

शिरूर तालुक्यातून एका दादांचं पत्र आलंय. वय ३८, चार एकर, ऊस आणि कांदा, २००५ सालचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर. गॅरेजवाला म्हणतो १ लाख १० हजारात टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पार्ट) बसवतो, डिझेल पंपाचं सेटिंग वाढवतो, ५० एचपीची ताकद येईल, मग सहा फुटी रोटाव्हेटर लावून भाड्याची कामं घ्या. पैसे वहिनींचं सोनं ठेवून उभे करायचेत. करू का, एवढंच विचारलंय. पण शेवटी जाता जाता लिहिलंय की मार्चमध्ये विमा पॉलिसीचा १ लाखाचा तिसरा हप्ता आहे, आधीचे दोन पीककर्जातून भरले, आणि कर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलायला, गेल्या वर्षी सावकाराकडून ३ लाख शेकडा ३ ने महिनाभर घेतले होते.

दादा, टर्बो नको. डिझेल इंजिनाची ताकद हवा आणि डिझेल दोन्हीवर असते, नुसता पंप वाढवला तर जादा डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि पिस्टन तापतात. टर्बोने हवा मिळते हे खरं, पण तुमचे पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच, गिअरबॉक्स सगळं ३५ एचपीच्या हिशोबाने केलेलं आहे. कंपनीतून टर्बो येतो तेव्हा आतले पार्टही त्या हिशोबाचे असतात. शिवाय आरसीला न जुळणारा बदल आणि विमा कंपनीला न सांगता केलेला, म्हणजे उद्या क्लेमला भांडण.

आणि तुमचं २० वर्षांचं इंजिन आज ३५ तरी देतंय का ते आधी बघा. नोझल तपासा, पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या, एअर फिल्टर, टॅपेट, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). १२-१५ हजारात गेलेली ताकद बरीचशी परत येते. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर लायनर-पिस्टनचं काम निघेल, ५०-६० हजार, पण ते इंजिन वाचवायला आहे, वाढवायला नाही. रोटाव्हेटर चार फुटीच ठेवा.

भाड्याचं तुम्ही १०० एकर गुणिले १५०० असे दीड लाख धरलेत. डिझेल, ड्रायव्हर, पाती, ग्रीस जाऊन एकरी ६००-७०० हातात राहतील, म्हणजे ६०-७० हजार, तेही १०० एकर मिळाले तर. पावसाने दोन आठवडे वापसा (मशागतीजोगी ओल) नाही मिळाला की तेवढेही नाहीत. यातून सोनं सोडवायचं की हप्ता भरायचा?

आता पॉलिसी, कारण मला खरी काळजी तिचीच आहे. १० वर्षं १ लाख भरायचे, २० व्या वर्षी २० लाख, "दुप्पट". हे ऐकायला भारी वाटतं पण हिशोब केला तर वर्षाला साडेचार टक्के पडतात फक्त. तेच १० हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले आणि खातं २० वर्षं चालवलं तर साडेएकोणतीस लाखांच्या आसपास होतात.

तुम्ही म्हणाल पीककर्ज वेळेत फेडलं की ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, केंद्राची सवलत आणि वरचं राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून, मग बिनव्याजी पैशावर साडेचार टक्के मिळाले तर काय वाईट. वाईट हे की कर्ज वर्षात फेडायचं असतं आणि पॉलिसी २० वर्षं पैसे सोडत नाही. म्हणून तुम्हाला सावकार लागला. ३ लाखांवर शेकडा ३ म्हणजे महिन्याला ९ हजार. पॉलिसीत अडकलेल्या २ लाखांवर साडेचार टक्के धरले तरी वर्षाला ९ हजारच होतात, ते सगळे सावकाराने एका महिन्यात नेले, आणि खतं-औषधं तुम्ही दुकानदाराकडून उधारीवर जास्त भावाने घेतलीत ते वेगळंच.

तुम्ही लिहिलंय की पॉलिसी घेतली तरच कर्ज लवकर होईल असं बँकेतल्या माणसाने सांगितलं. हे चूक आहे, कर्जासाठी विम्याची सक्ती करता येत नाही, आणि मला अशी पत्रं इतकी येतात की आता राग येतो. तिसरा हप्ता भरू नका. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जाची, कॉपी मागवा, त्यात तुमचं उत्पन्न किती लिहिलंय बघा, फुगवलेलं असेल तर तो पॉलिसी चुकीची गळ्यात मारल्याचा पुरावा आहे. विमा कंपनीला लेखी तक्रार द्या, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात नारायण पेठेत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. सोबत सरेंडर (आत्ताच मोडली तर काय मिळेल) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी काय मिळेल) दोन्हीचे आकडे लेखी घ्या. समजा २ लाखांतले निम्मेच परत आले, तरी गेलेल्या १ लाखामागे अजून ८ लाख घालण्यापेक्षा ते बरं. आलेले पैसे सरळ पीककर्जात भरा म्हणजे पुढच्या नवं-जुनंला सावकार नको.

या पॉलिसीत तुमचं कव्हर १० लाखांचं आहे. घरात दोन लहान मुलं, तुम्ही एकटे कमावते. ५० लाखांची टर्म पॉलिसी, म्हणजे नुसतं जिवाचं कव्हर, तुमच्या वयाला वर्षाला १०-१२ हजारांच्या घरात मिळते. ती मार्चच्या हप्त्याआधी हातात घ्या, मगच जुनी सोडा.

वहिनींचं सोनं घरातच राहू द्या. पंपाचं रीडिंग आलं की मला कळवा, लायनरचं काम निघालं तर त्याचे पैसे कुठून काढायचे ते आपण तेव्हा बघू.