जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा धर्म सोडल्याचं दाखवायला ख्रिश्चनांना फक्त येशूच्या एका चित्रावर पाय ठेवायचा होता. एवढं सोपं असताना त्यांनी तुरुंग आणि छळ का पत्करला?

‘एवढं सोपं’ वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. पहिली गोष्ट, बहुतेकांनी पाय ठेवलाच. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मी वसईचा ख्रिस्ती. आमच्याकडे जपान म्हटलं की संत गोन्सालो गार्सिया. आई वसईची, बाप पोर्तुगीज. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसाला बांधून भाल्यांनी मारलं. एकूण २६ जण होते. त्यातल्या बारा वर्षांच्या लुईसला ‘धर्म सोड, तुला सोडतो’ म्हणाले, तो नाही म्हणाला. लहानपणापासून आम्ही हे ऐकतो आणि आपणही तसेच वागलो असतो असं खुशाल धरून चालतो.

मी जहाजावर इंजिनरूमला होतो. एकदा आमचं जहाज नागासाकीला ड्राय डॉकला लागलं. सुट्टी मिळाली तसा निशिझाकाच्या टेकडीवर गेलो. सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे तिथे ओळीने उभे आहेत. आपला माणूस शोधला, फोटो काढला, घरी पाठवला. मग संग्रहालयात फुमिए, म्हणजे पाय ठेवायचं ते चित्र, बघितली. लहान वहीएवढी पाटी, त्यावर येशूची उठावाची आकृती. पण नाक-डोळे राहिलेच नव्हते. आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्याला मधोमध जसा खळगा पडला होता, तशी ती झिजली होती. नागासाकीत दोनशेहून जास्त वर्षं दर नव्या वर्षाला लोकांना रांगेने त्यावरून चालवत. ही झीज त्या पायांची. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

आता तुमचा प्रश्न. अधिकाऱ्यांना हुतात्मे नकोच होते, कारण जाहीर शिक्षा बघायला आलेली गर्दी जास्तच पक्की होऊन घरी जायची. म्हणून त्यांनी खड्डा काढला. माणसाला उलटं टांगून डोकं खड्ड्यात सोडायचं, कानामागे बारीक चीर द्यायची म्हणजे लवकर मरत नाही, आणि एक हात मोकळा ठेवायचा. कशाला? ‘सोडला धर्म’ अशी खूण करायला. १६३३ मध्ये क्रिस्तोव्हाओ फेरेरा, जपानमधल्या जेझुइट पाद्र्यांचा (कॅथलिकांचा एक संघ) प्रमुख, पाच तासांत फुटला. खुद्द प्रमुख! शिवाय पाय ठेवून सुटका नव्हती. बौद्ध देवळाच्या वहीत नाव, पोरानातवंडांवर पाळत, वर शपथपत्र. त्यात कधी कधी ख्रिस्ती देवाचीच शपथ घ्यायला लावत, की मी या देवाला सोडलं. मनातली श्रद्धा मनात ठेवायला जागाच ठेवली नव्हती.

तरी नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी ती ठेवली. पाय ठेवायचा, घरी यायचं, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पाद्री नाही, चर्च नाही, अशा सात पिढ्या. १८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये ते आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? नंतर ते उघडपणे ख्रिस्ती म्हणून राहू लागले, तशी सरकारने १८६७ पासून धरपकड केली. सुमारे ३,४०० जणांना घरादारासह दूरदूरच्या प्रांतांत हाकललं, त्यातले सहाशेच्या वर मेले. त्यातल्या त्सुवानो नावाच्या गावी तीन फुटी पिंजऱ्यात कोंडलं, हिवाळ्यात तळ्याच्या गार पाण्यात उतरवलं. तिथेही कित्येकांनी ‘सोडला’ म्हटलं आणि पुढे परत आले. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर गावी परतलेल्यांनी, जिथे फुमिए व्हायची तीच गावप्रमुखाच्या वाड्याची जागा विकत घेऊन चर्च बांधलं.

हे सगळं मी आमच्या मोठ्या काकांना सणाच्या जेवणाला सांगितलं. माझ्या दादाने हिंदू मुलीशी तिच्या घरच्या पद्धतीने लग्न केलं, तेव्हा काका म्हणाले होते, “सात पावलं चालला नाही तो, क्रुसावर पाय ठेवला त्याने.” तेव्हापासून त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत. दादा दर नाताळला मध्यरात्रीच्या मिस्साला येतो आणि देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) शेवटच्या खांबाशी उभा राहतो. मी म्हटलं, काका, उराकामीचे लोकही असेच शेवटी उभे होते, त्यांच्यामुळेच तिथे काही उरलं. काका म्हणाले, “ते भित्रे होते.” मग भात मागितला.

दादावर कुणी भाला रोखला नव्हता, तुलना लंगडी आहे, मान्य. आणि ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांना मी कमी लेखत नाही, सण त्यांचाच करतो. अजून एक, हे वाचून आमच्यातल्या कुणी छाती फुगवू नये. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बसलं होतं, आणि तिथे पकडणारे आमच्याच धर्माचे होते.

तुम्हाला कुणी ‘सोपं होतं’ म्हणालं तर खड्ड्यातल्या त्या मोकळ्या हाताचं सांगा. आणि ‘भित्रे होते’ म्हणालं तरी तेच सांगा. काकांनी गोन्सालोंचा फोटो फ्रेम करून लावलाय. हे उत्तर ते वाचणार नाहीत, पण त्यांचा नातू इथे असतो. बाबा रे, दाखव त्यांना.