रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी, मग गाठीचा का नाही?

प्रश्न : मॅडम, आईच्या छातीतली गाठ काढून तपासायला दिलीय, लॅबवाले म्हणतायत ५-६ दिवस लागतील. रक्ताचा रिपोर्ट तर संध्याकाळीच मिळतोय. जादा पैसे भरले तर लवकर देतील का? घरात कुणाला झोप नाही.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पैशानं हे काम पळत नाही हो. रक्ताच्या बऱ्याच टेस्ट मशीनच करतंय, गाठीचं काम अजून बरंचसं हातानं चालतं. मायक्रोस्कोपखाली बघायचं तर तुकड्याचा काप ३ ते ५ मायक्रॉनचा लागतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या रक्तातली लाल पेशी ७-८ मायक्रॉन रुंद, म्हणजे काप तिच्या रुंदीपेक्षाही पातळ. कच्चं मटण तेवढं पातळ कापून बघा, जमतंय का! म्हणून तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो सडू नये म्हणून वापरतात त्या द्रावणात, ठेवायचा, छातीच्या गाठीला निदान ६ तास तरी, मोठी असली तर चिरून रात्रभर, मग अल्कोहोलनं पाणी काढायचं, झायलीननं अल्कोहोल काढायचं, त्या जागी वितळलेलं मेण भरायचं, गार झालं की ठोकळा तयार आणि मग मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप घ्यायच्या यंत्रावर, काप. त्याला रंग देतात, केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. हा निळा रंग मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातला, अजून तोच चालतो, मला तर भारी वाटतं.

एवढं झाल्यावर खरं बघणं सुरू. दुधाच्या नळीला पेशींचे दोन थर असतात. साध्या गाठीत बाहेरचा थर शाबूत दिसतो, पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये तो नसतो. शंका आली की त्या थरासाठी वेगळे स्टेन, म्हणजे तोच थर उठून दिसावा असे रंग, लावतात, अजून दोन-तीन दिवस गेले.

ऑपरेशन चालू असताना अर्ध्या तासात सांगतात ते फ्रोझन सेक्शन. तुकडा गोठवून कापतात, पण चित्र तेवढं स्वच्छ येत नाही, पक्का रिपोर्ट मेणाच्या ठोकळ्यावरच.

चौकशी करायचीच तर बाटलीची करा. आपल्याकडं बऱ्याचदा नातेवाईकच बाटली घेऊन लॅबला जातात, आणि कधीकधी आत फॉर्मलिनऐवजी सलाईन असतं! त्यात तुकडा सडायला लागतो. फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट हवं, बाटली रुंद तोंडाची. गाठ किती वाजता काढली आणि फॉर्मलिनमध्ये कधी टाकली हे फॉर्मवर लिहिलंय का तेपण विचारा, कॅन्सर निघालाच तर पुढच्या हार्मोनच्या टेस्टला त्याचा फरक पडतो.

आणि दुसरं मत घ्यायला पुण्या-मुंबईला जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका, लॅबकडनं स्लाइड आणि ठोकळा मागून घ्या.